नवा ट्यूबा आणि त्याची लिपि

यंदा जून महिन्यांत आपल्या शाळेच्या बँडसाठीं एक नवा ट्यूबा विकत घेण्यांत आला, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. सायंकाळीं सरावाच्या वेळीं त्याचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत पोंचतो. परंतु तो घेण्यापूर्वीं भरलेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं केलेल्या प्रश्नाचें पुरें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. ते म्हणाले, "बँडमध्यें चाल वाजवितो तो कॉर्नेट, आणि टाळ्याहि त्यालाच मिळतात. जें वाद्य कोणाच्या कानांत भरत नाहीं, त्यावर एवढा पैसा कशासाठीं?" प्रश्न रास्त होता. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील घराघरांतून जमलेल्या वर्गणीचा हिशेब केवळ पावतीनें पुरा होत नाहीं. म्हणून हें वाद्य म्हणजे काय, तें पारखावें कसें आणि त्याचें लेखन वाचावें कसें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें सांगतांना आमच्या हातून घडलेली एक चूकहि सांगणें प्राप्त आहे. कारण या विषयांतील मुख्य गोष्ट आम्हांस त्या चुकीनेंच शिकविली.

ट्यूबा हा शब्द मूळचा लॅटिन. रोमन लोक आपल्या लांब, सरळ रणतुतारीस ट्यूबा म्हणत. आजच्या ट्यूबाचें वय मात्र अद्याप दोनशें वर्षांचेंहि नाहीं. प्रशियाच्या लष्करी बँडचे नायक विल्हेल्म वीप्रेख्ट आणि बर्लिन येथील वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरिट्झ या दोघांनीं १२ सप्टेंबर १८३५ रोजीं त्याचें पेटंट घेतलें. पथक मैदानांत वाजूं लागलें म्हणजे वरचे स्वर स्पष्ट ऐकूं येत, परंतु त्यांस तोलून धरणारा खर्ज दुबळा पडे. ती उणीव या वाद्यानें भरून काढली.

ट्यूबा म्हणजे एक लांबच लांब पितळी नळी. ती गुंडाळलेली असते, म्हणूनच मांडीवर मावते. बँडमध्यें विशेष आढळणाऱ्या दोन जातींपैकीं ई फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर सुमारें १३ फूट भरेल, आणि बी फ्लॅट ट्यूबाची सुमारें १८ फूट. वाद्यांसाठीं बहुधा जी पितळ वापरतात तिच्यांत सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. या प्रमाणाच्या पितळेस 'काडतुसी पितळ' असेंच नांव आहे, कारण बंदुकीच्या काडतुसांचीं नळकांडीं हिचींच करतात. आयुधनिर्माणीच्या शेजारीं वाढणाऱ्या अंबरनाथच्या मुलांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. धातु तोच; त्याचें काय करावयाचें तें माणसाच्या हातीं.

आतां स्वर कसा निघतो तें पाहूं. ट्यूबांत नुसती फुंकर घालून भागत नाहीं. ओंठ हलके मिटून, त्यांमधून श्वास सोडून, त्यांस कंप द्यावा लागतो. त्या कंपानें नळींतील हवेचा स्तंभ कांपूं लागतो. नळी जितकी लांब, तितका स्वर खालचा. नळीची लांबी न बदलतां ओंठ अधिकाधिक आवळीत गेलें तर स्वर वर चढतो, पण पायरीपायरीनें नव्हे, उड्या मारीत. सा, त्यावर प, त्यावर वरचा सा, मग त्याचा ग, मग पुन्हां प, असे ठराविक स्वरच हातीं लागतात. आपल्या तुतारीचें व शिंगाचें हेंच आहे. म्हणून तुतारीवर ललकारी देतां येते, परंतु भूपाळी वाजवितां येत नाहीं.

ही अडचण कळांनीं दूर केली. हाइनरिख श्टोल्त्सेल व फ्रीडरिख ब्ल्यूमेल यांनीं १८१८ सालीं कळांचें पेटंट घेतलें, आणि पितळी वाद्यांचें रूपच पालटलें. कळ दाबली म्हणजे हवेस एका जादा नळींतून वळसा घ्यावा लागतो. नळी लांबते व स्वर उतरतो. दुसरी कळ स्वरास अर्ध्या स्वरानें उतरविते, पहिली एका पूर्ण स्वरानें आणि तिसरी दीड स्वरानें. समजा, कळ न दाबतां प वाजत आहे. तेथून एकेक पायरी खालीं उतरूं. तीव्र म हवा असल्यास दुसरी कळ, शुद्ध म हवा असल्यास पहिली. ग साठीं पहिली व दुसरी, कोमल ग साठीं दुसरी व तिसरी, रे साठीं पहिली व तिसरी, कोमल रे साठीं तिन्ही. आणि सा पुन्हां मोकळ्या नळीवर. मोकळी नळी धरून अवघ्या सात जुळण्या, आणि मधली सारी दरी भरली. वरच्या उड्या याहून लहान असल्यामुळें तेथें याच जुळण्या पुरून उरतात.

मात्र यांत एक खोट राहते. प्रत्येक कळेची जादा नळी मोकळ्या वाद्याच्या मानानें कापलेली असते. दोन-तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे वाद्य अगोदरच लांबलेलें असतें, आणि तेवढी नळी त्यास पुरत नाहीं. स्वर किंचित् चढा येतो. पहिली व तिसरी मिळून, आणि तिन्ही मिळून, हा दोष कानास विशेष जाणवतो. त्यावर उपाय म्हणून अनेक ट्यूबांस चौथी कळ बसवितात. ती एकटीच पहिली व तिसरी यांचें काम अधिक सुरांत करते. आम्हीं चार कळांचा बी फ्लॅट ट्यूबा घेतला त्याचें कारण हें.

वर लिहिलेलें सारें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु प्रत्यक्ष ट्यूबा आम्हीं कधीं मांडीवर घेतला नव्हता. सुदैवानें ज्या नववींतील विद्यार्थ्यासाठीं तो घ्यावयाचा होता, त्याचे वडील उल्हासनगरच्या लग्नांच्या बँडमध्यें वीस वर्षें युफोनियम वाजवीत आहेत. ते कागदावरून एकहि स्वर वाचीत नाहींत. पण सिनेमाचें नवें गाणें दोनदां ऐकलें कीं तें त्यांच्या बोटांत बसतें. त्यांस बरोबर घेऊन आम्ही मुंबईस धोबी तलावावर गेलों. त्या बाजूस वाद्यांचीं दुकानें फार जुनीं आहेत. फुर्ताडो यांची पेढी १८६५ पासूनची आहे. बँडचीं देशी वाद्यें मात्र मुख्यतः मेरठहून येतात. तेथें लष्करी बँडमधील नादिर अली यांनीं १८८५ सालीं पेढी काढली, आणि आज जली कोठी हा त्या शहराचा भाग या धंद्यासाठींच ओळखला जातो. परदेशी उत्तम ट्यूबाची किंमत कांहीं लाखांच्या घरांत जाते. देशी वाद्य त्या मानानें पुष्कळच स्वस्त पडतें. कोणत्या बनावटीचा घ्यावा हें ज्यानें त्यानें आपली थैली पाहून ठरवावें. पारखावा कसा, तें त्या दिवशीं आम्ही एका बँडवाल्यापासून शिकलों, आणि तें पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

प्रथम प्रत्येक कळ हळूच दाबून सोडावी. ती न अडखळतां, खरखर न करतां वर आली पाहिजे. मग कळ न दाबतां तिची जादा नळी थोडी बाहेर ओढावी, आणि नंतर कळ दाबावी. बाटलीचें बूच निघावें तसा आवाज झाला तर वाद्य हवा धरून आहे. आवाज न झाल्यास हवा कोठें तरी निसटते आहे. जोड, डाग व पोचे उजेडाकडे धरून पाहावे. मग खालचा सा व वरचा सा वाजवून पेटीशीं ताडून पाहावे. एक जुळतो आणि दुसरा जुळत नाहीं अशा वाद्याशीं जन्मभर झगडावें लागतें. शेवटीं ज्या मुलास तें वाजवावयाचें आहे त्यास बसवून त्याच्या मांडीवर तें द्यावें. ओंठ माउथपीसपर्यंत मान न ताणतां पोंचतात काय, बोटें कळांवर सहज पडतात काय, आणि आठ-दहा किलोचें ओझें तो अर्धा तास सांभाळूं शकतो काय, हें दुकानांतच पाहावें. जुनें वाद्य स्वस्त मिळतें हें खरें. पण झिजलेल्या कळांची दुरुस्ती कोण व कोठें करणार, याचें उत्तर मिळाल्यावांचून तें घेऊं नये. आम्हांस तें उत्तर मिळालें नाहीं, म्हणून आम्हीं नवें घेतलें.

परत येतांना दुपारच्या बदलापूर लोकलच्या सामानाच्या डब्यांत भाजीच्या पाट्यांशेजारीं ट्यूबाची पेटी ठेवून आम्ही तिघे बसलों. कल्याण सोडल्यावर त्या गृहस्थांनीं एक हकीकत सांगितली. तरुणपणीं एका सरकारी बँडमध्यें जागा निघाली असतां ते परीक्षेस गेले होते. त्यांचें वाजविणें परीक्षकांस पसंत पडलें. मग त्यांच्या पुढ्यांत एक कागद ठेवण्यांत आला. ते वाद्य खालीं ठेवून परत आले. "सर," ते म्हणाले, "वाजवायला मी त्याला शिकवीन. कागद तेवढा तुम्ही शिकवा." अंबरनाथ येईपर्यंत मग कोणी फारसें बोललें नाहीं.

आतां तो कागद कसा असतो तें सांगूं. आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं रूढ केलेल्या लेखनांत स्वरांचीं अक्षरेंच लिहितात. अक्षराखालीं टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खालीं आडवी रेघ म्हणजे कोमल. त्यांत सा कोणत्याहि पट्टींत धरतां येतो. पाश्चात्य लेखनांत पांच आडव्या ओळींची एक शिडी असते. ओळींवर व ओळींच्या मधल्या जागांवर ठिपके मांडतात. ठिपका जितका वर, तितका स्वर उंच. प्रत्येक पायरीचा स्वर ठाम असतो, गाणाराच्या सोयीनें तो सरकत नाहीं. काळाची गणना मात्र आपल्या मात्रांसारखीच. भरीव ठिपक्यास दांडी असली तर बहुधा एक मात्रा, पोकळ ठिपक्यास दांडी असली तर दोन, आणि दांडीवांचूनच्या पोकळ ठिपक्यास चार. न वाजविण्याच्या मात्रांसहि स्वतंत्र खुणा आहेत, आणि त्या वाजविण्याच्या खुणांइतक्याच काटेकोरपणें मोजाव्या लागतात.

परंतु शिडी नुसती पाहून ती कोणत्या मजल्यावर लावली आहे हें कळत नाहीं. तें सांगण्यासाठीं ओळींच्या आरंभीं एक खूण असते. तीस क्लेफ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ चावी, आणि तो अगदीं सार्थ आहे. ट्रेबल क्लेफ खालून दुसऱ्या ओळीभोंवतीं वळसा घेते व ती ओळ जी या स्वराची आहे असें सांगते. बेस क्लेफचीं दोन टिंबें चौथ्या ओळीच्या वर व खालीं बसतात, आणि ती ओळ एफ या स्वराची ठरते. चावी बदलली कीं तोच ठिपका दुसराच स्वर होतो.

आमची चूक येथेंच झाली. हा विद्यार्थी पूर्वीं कॉर्नेट वाजवी, म्हणून त्यास ट्रेबल क्लेफ येत होती. आम्ही गायकवृंदांत खर्जाच्या बाजूस उभे राहणारे. आम्हांस बेस क्लेफ घरच्यासारखी. आम्हीं त्याचा भाग बेस क्लेफमध्यें लिहून दिला, आणि ती वेगळी चावी आहे हें सांगावयाचें राहिलें. सरळ पाहतां मुलगा कागद वाचीत होता, कळा दाबीत होता. पण सर्वांबरोबर वाजवूं लागला कीं कानठळ्या बसत. आम्हीं त्याच्या कानास दोष दिला. "अगोदर नीट ऐक," असें तीन आठवडे आम्ही त्यास सांगत राहिलों, तेंहि इतर मुलांदेखत. तो कांहीं बोलला नाहीं. फक्त सरावास उशिरां येऊं लागला.

एके दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. घरीं मुलाचा सराव त्यांनीं ऐकला होता. ते म्हणाले, "सर, पोरगा बेसूर नाहीं. एखादा स्वर कोमल पडतो, पण चाल तीच आहे. पट्टीच दुसरी धरली आहे त्यानें. सगळ्यांचा जो खालचा प, तो ह्याचा सा." ज्यांस कागद वाचतां येत नव्हता, त्यांनीं चूक अचूक सांगितली. आम्हीं दोन कागद शेजारीं ठेवले, तों सारें उघड झालें. तिसऱ्या रिकाम्या जागेंतील ठिपका कॉर्नेटवाल्यास सी वाटतो, आणि त्यासाठीं कळ दाबावयाची नसते. बेस क्लेफमध्यें ती जागा ई ची; आमच्या गाण्यांत ती ई फ्लॅट होती, आणि बी फ्लॅट ट्यूबावर तिच्यासाठीं पहिली कळ दाबावी लागते. मुलगा प्रत्येक स्वर तीन पायऱ्या खालीं, पण प्रामाणिकपणें वाजवीत होता. दुसऱ्या दिवशीं साऱ्या बँडसमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली.

वाचक विचारतील कीं एका वाद्यास दोन लिप्या कां असाव्या? इंग्लंडांतील ब्रास बँडमध्यें कॉर्नेटपासून ट्यूबापर्यंत बहुतेक सर्व वाद्यांचे भाग ट्रेबल क्लेफमध्येंच लिहितात. त्यामुळें एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यास बोटें पुन्हां शिकावीं लागत नाहींत. कागदावरचा ठिपका आणि दाबावयाची कळ यांचें नातें तेंच राहतें, ऐकूं येणारा स्वर मात्र निराळा असतो. सिंफनी ऑर्केस्ट्रांत व अमेरिकेंतील बँडमध्यें ट्यूबाचा भाग बेस क्लेफमध्यें, जसा वाजतो तसाच लिहितात. दोन्ही पद्धति शहाणपणाच्या आहेत. म्हणून वाद्याबरोबर पुस्तक घेतांना तें कोणत्या क्लेफमधील आहे हें प्रथम पाहावें, आणि शिक्षकास विचारून एकच पद्धति निदान पहिलें वर्ष धरावी. आम्हीं बेस क्लेफ ठेविली, कारण गायकवृंदाच्या पुस्तकांतील खर्जाचा भाग त्यामुळें ट्यूबावाल्यास जसाच्या तसा वाचतां येतो.

कागद वाचतां येणें ही केवळ शोभेची विद्या नव्हे. गोव्यांत सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन शिकवीत आले. त्या एका विद्येच्या बळावर गोमंतकीय वादक इंग्रजी अमलांतील बँडमध्यें, संस्थानिकांच्या दरबारीं आणि पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत मोठ्या संख्येनें नांदले. ज्यास ऐकून वाजवितां येतें तो आपल्या मोहल्ल्यांत राजा. ज्यास वाचूनहि वाजवितां येतें त्यास अनोळखी बँडमध्यें बसल्या दिवशीं काम करतां येतें. लोकलमधील ती हकीकत आम्हांस येथें पुन्हां आठवते.

शिकण्याचा क्रम आम्हीं आतां असा ठेविला आहे. नवा धडा घेतला कीं प्रथम वाद्यास हात लावावयाचा नाहीं. ठिपक्यांचीं नांवें मोठ्यानें म्हणावीं. मग पायानें मात्रा धरून त्यांचा काळ टाळीनें वाजवावा. मग वाद्य मांडीवर घेऊन, न फुंकतां, नुसत्या कळा दाबाव्या. शेवटीं श्वास. रोज वीस मिनिटें असें केल्यास दोन-तीन महिन्यांत साधा खर्ज वाचतां येऊं लागतो. वाद्याची निगाहि याच वेळीं अंगवळणीं पाडावी. कळांस त्यांच्याच तेलाचे दोन थेंब द्यावे, खोबरेल नव्हे. वाजवून झाल्यावर नळींत सांचलेलें पाणी काढावें. आणि घरच्या पितळी भांड्यांप्रमाणें चिंच व राख लावून तें मुळींच घासूं नये, कारण त्यावरील लाखेसारखा पातळ थर त्यानें उडून जातो. मऊ कोरडें फडकें पुरे.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. सप्टेंबरच्या पालकसभेंत आम्हीं बँडकडून एकच चाल दोनदां वाजवविली. प्रथम ट्यूबासह, नंतर त्यावांचून. कोणास कांहीं सांगितलें नव्हतें. दुसऱ्या वेळीं अर्ध्यावरच ते गृहस्थ शेजाऱ्यास म्हणाले, "मघां कांहीं तरी होतें, तें आतां नाहीं." आमच्याजवळ याहून चांगलें उत्तर नाहीं. खर्ज असतांना तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नसला कीं वरचा कॉर्नेटहि अधांतरीं वाटतो.

वाद्य एका दुपारीं विकत आणलें. तें आपलें व्हावयास पावसाळा उलटला. विद्यार्थी आतां पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत आहे. पहिला भाग त्यानें घरीं नेला तो अद्याप परत आलेला नाहीं, आणि आम्हीं तो मागितलेलाहि नाहीं, कारण रात्रीं कामावरून आल्यावर वडील तो उघडून बसतात असें त्यानें आम्हांस सांगितलें आहे. पुढील वर्षीं आणखी दोन मुलांस अगर मुलींस ट्यूबा शिकविण्याचा विचार आहे. ज्यांस इच्छा असेल त्यांनीं बँडच्या शिक्षकांकडे नांव द्यावें. उंची व छाती यांची आम्ही फारशी पारख करणार नाहीं. शांत बसून मात्रा मोजण्याची तयारी आहे काय, एवढेंच विचारूं.